नागीण डोक्यात चढली नव्हती

मे महिन्यातला शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. सोलापुरात त्या आठवड्यात पारा 42 च्या खाली आलाच नव्हता. 67 वर्षांच्या एका विडी कामगार बाईंना मुलगा आणि सून रिक्षातून घेऊन आले. बाई पूर्व भागातल्या, घरची बोली तेलुगू. वॉर्डात सगळे त्यांना अम्मा म्हणू लागले, म्हणून इथेही अम्माच म्हणतो. ओळख पटेल असा तपशील ठेवलेला नाही.

"सर, दुपारपासून अत्तम्मा हवेतच विड्या वळायल्यात," सून म्हणाली.

खरंच वळत होत्या. डाव्या हातात नसलेलं पान धरलेलं, उजव्या हाताच्या चिमटीतून नसलेली तंबाखू त्यावर पसरायची, मग दोन्ही अंगठ्यांनी गुंडाळी, टोकाची घडी आणि दोऱ्याचे दोन वेढे. पन्नास वर्षांची सवय बोटांत इतकी मुरलेली की शुद्ध हरपली तरी क्रम चुकत नव्हता. पण दर चार-पाच सेकंदांनी दोन्ही हात विजेचा धक्का बसल्यासारखे उडायचे. त्या क्षणभर थांबायच्या, सांडलेलं काहीतरी चाचपायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. जीभ जड झाली होती. मध्येच स्पष्ट म्हणाल्या, "नेनु चच्चिपोयानु." सुनेने मान खाली घालून अर्थ सांगितला: मी मेले आहे.

मुलगा म्हणाला, "गल्लीतले म्हणायलेत, नागीण डोक्यात चढली."

नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की एकाच पट्ट्यात फोडांच्या रूपाने बाहेर पडतो. अम्मांना डाव्या बरगड्यांखाली, पाठीपासून बेंबीच्या रेषेपर्यंत असा पट्टा उठला होता. मंगळवारी पहिले फोड दिसले. शेजारच्या एका म्हाताऱ्याने मंत्र म्हणून गेरूचं बोट फिरवलं आणि दोन्ही टोकं जुळू देऊ नका, असं बजावलं. त्या समजुतीने निदान घाई तरी झाली, कारण मंगळवारी रात्रीच घरच्यांनी जवळच्या डॉक्टरांना दाखवलं. औषध पहिल्या 72 तासांत सुरू व्हायला हवं, तसं ते झालंही. डॉक्टरांनी व्हॅलासायक्लोव्हिर हे अँटिव्हायरल, म्हणजे विषाणूविरोधी औषध, 1 ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस, असं लिहिलं. सोबत दुखण्यासाठी असेक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची गोळी दोनदा आणि रात्री मज्जातंतूच्या वेदनेसाठी प्रीगाबालिन 75 मिलिग्रॅम. नागिणीसाठी कुठल्याही पुस्तकात हाच डोस सापडेल.

सुनेने त्या वेळी एक प्रश्न विचारला होता आणि तो तिने मलाही पुन्हा ऐकवला: "औषध लई पॉवरचं हाय, लिव्हरला काय होणार नाही ना?" डॉक्टरांनी सांगितलं, काही होणार नाही. ते उत्तर बरोबरच होतं. गुरुवारी अम्मांना मळमळ सुरू झाली, जेवण सुटलं, तेव्हा घरच्यांनी स्वतःहून कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये लिव्हरची तपासणी करून घेतली. एसजीपीटी 58, बिलिरुबिन 0.8. किंचित वाढ, काळजीचं काही नाही. सगळ्यांना हायसं वाटलं आणि गोळ्या चालू राहिल्या.

त्याच नळीतल्या रक्तावर किडनीची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, झालं असतं. दुसरी सुई लागली नसती. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागून राहिलेली गोष्ट हीच.

दाखल करताना

ताप 99, मान ताठ नाही, रक्तदाब 108/66, जीभ कोरडी ठणठणीत. फोडांवर खपल्या धरायला लागल्या होत्या. सकाळपासून लघवी एकदाच, तीही थोडी. बाकी हकीकत तुकड्यातुकड्यांनी मिळाली. बारा वर्षांपासून बीपी, त्यासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, जी आजारपणातही सून न चुकता देत होती. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसल्याने पाठ-मान धरलेली असायची, म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी "दिवसाआड तरी" कित्येक वर्षं. पत्र्याचं घर, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि उठताना कूस ओढून आग व्हायची म्हणून अम्मांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. पाणी प्यायलं की उठावं लागतं, एवढा साधा हिशोब.

नागीण, दोन-तीन दिवसांत बुद्धिभ्रम, झटके. असा रुग्ण समोर आला की डोक्यात पहिली येते ती एन्केफलायटिस, म्हणजे विषाणू मेंदूत शिरल्याची शक्यता. त्यात उशीर झाला तर माणूस हातचा जातो, म्हणून रिपोर्टची वाट न बघता शिरेतून, व्हॅलासायक्लोव्हिरचं शरीरात जे औषध बनतं तेच, अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू करायचं, असंच आम्हाला शिकवलेलं आहे आणि ते योग्य आहे. मीही तेच केलं. वजन 44 किलो, दर किलोला 10 मिलिग्रॅम, जवळचा आकडा 500 मिलिग्रॅम दर आठ तासांनी. पहिला डोस साडेसातला तासाभराच्या सलाईनमधून गेला.

रिपोर्ट नऊला आले. क्रिएटिनिन 5.4, युरिया 118, पोटॅशियम 5.6, बायकार्बोनेट 17. किडनी जवळजवळ बंद पडली होती.

तेव्हा मी सुनेकडची प्लास्टिकची पिशवी पलंगावर उलटी केली. हे मी साडेसहाला करायला हवं होतं. पिशवीत जानेवारीतला एक रिपोर्ट निघाला, बीपीच्या तपासणीचा: क्रिएटिनिन 1.3. शेजारी छापलेली मर्यादा 1.2. कुणीही नजर टाकून बाजूला ठेवेल असा आकडा. आणि व्हॅलासायक्लोव्हिरच्या स्ट्रिपा निघाल्या. आणलेल्या 21 गोळ्यांपैकी 13 शिल्लक. बुधवारी तीन, गुरुवारी तीन, शुक्रवारी दोन. एकही चुकवलेली नव्हती. घरच्यांनी औषध अगदी चोख दिलं होतं.

1.3 म्हणजे किती

औषधाचा डोस ठरवताना आजही बहुतेक ठिकाणी 1976 सालचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र वापरतात. 140 मधून वय वजा करा, वजनाने गुणा, 72 गुणिले क्रिएटिनिनने भागा, बाई असेल तर 0.85 ने गुणा. अम्मांचं वय 67, वजन 44, क्रिएटिनिन 1.3. उत्तर येतं मिनिटाला 29 मिलिलिटर, म्हणजे किडनी मिनिटाला साधारण एवढं रक्त साफ करते. हाच 1.3 आकडा 30 वर्षांच्या, 70 किलोच्या पुरुषाला लावला तर उत्तर 82 येतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ज्या बाईच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, तिच्या रक्तात ते मुळात कमी तयार होतं, आणि किडनी निम्म्याहून खाली गेली तरी रिपोर्टवरचा आकडा शहाण्यासारखा दिसतो. लॅब रिपोर्टवर आपोआप छापून येणारा, किडनीच्या गाळण्याचा अंदाज सांगणारा ईजीएफआर अम्मांच्या बाबतीत 45 च्या आसपास आला असता. तो 1.73 चौरस मीटर त्वचेच्या शरीराला बसवलेला असतो. पाच फुटांच्या आतल्या, 44 किलोच्या बाईला तो मोठाच पडतो.

29 वर व्हॅलासायक्लोव्हिरचा डोस आहे 1 ग्रॅम, दिवसातून एकदा. अम्मांना तीनदा मिळत होता. म्हणजे औषध बरोबर, तिप्पट.

आता सुनेच्या त्या प्रश्नाकडे: या औषधाचा भार लिव्हरवर की किडनीवर. व्हॅलासायक्लोव्हिर आतड्यातून शोषलं जातं आणि आतड्याच्या भिंतीत व लिव्हरमध्ये त्याचं अ‍ॅसायक्लोव्हिर होतं. लिव्हरचं काम बहुतांशी इथे संपतं. लिव्हर सुजलेलं असलं तरी हे रूपांतर होत राहतं, म्हणून लिव्हरच्या आजारात डोस बदलावा लागत नाही. पुढचा सगळा भार किडनीवर. अ‍ॅसायक्लोव्हिरचा बहुतेक भाग जसाच्या तसा लघवीतून जातो. निरोगी माणसाच्या रक्तात ते साधारण तीन तासांत निम्मं होतं, आणि किडनी जवळजवळ बंद असेल तर त्यालाच वीस तास लागतात. वर ते पाण्यात फारसं विरघळत नाही. लघवी कमी आणि घट्ट असेल तर किडनीच्या सूक्ष्म नळ्यांत त्याचे सुईसारखे स्फटिक बसतात आणि नळ्या तुंबतात. म्हणजे किडनी मंद म्हणून औषध साचतं, आणि साचलेलं औषध किडनी आणखी मंद करतं.

अम्मांच्या बाबतीत हे चाक फिरवायला बाकीच्यांनी हातभार लावला. टेल्मिसार्टनने किडनीच्या गाळणीतला दाब उतरतो, हायड्रोक्लोरोथायझाइडने अंगातलं पाणी जातं, आणि असेक्लोफिनॅकसारखी गोळी किडनीत रक्त आणणारी वाट आकसते. तिन्ही एकत्र आणि बाहेर 42 अंश. या तिघांनीच, अँटिव्हायरल नसतानाही, क्रिएटिनिन वर नेल्याची उदाहरणं दर उन्हाळ्यात दिसतात. अम्मांच्या लघवीच्या नमुन्यात आम्हाला स्फटिक दिसले नाहीत. नमुना दोन तास पडून होता आणि साध्या मायक्रोस्कोपखाली पाहिला होता. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. तरी मी या किडनीच्या दुखापतीचं खापर एकट्या व्हॅलासायक्लोव्हिरवर फोडणार नाही.

रात्रीचा निर्णय

साडेनऊला माझ्यासमोर दोन निदानं होती आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध. विषाणू मेंदूत असेल तर अ‍ॅसायक्लोव्हिर चालू ठेवायचं. अ‍ॅसायक्लोव्हिरच मेंदूला बाधलं असेल तर ते बंद करून काढून टाकायचं.

नेफ्रॉलॉजिस्टशी, म्हणजे किडनीतज्ज्ञाशी, फोनवर बोललो. तराजू कुठे झुकत होता ते सांगतो. ताप नव्हता, डोकेदुखीची तक्रार नव्हती, मान मऊ होती. त्रास औषध सुरू झाल्यानंतर दोन दिवसांनी, क्रिएटिनिन चढत असताना सुरू झाला होता. हात उडणं, अडखळती जीभ, भास, आणि विशेषतः "मी मेले आहे" हा ठाम विश्वास. या शेवटच्या लक्षणाला वैद्यकात कोटार्डचा भ्रम म्हणतात आणि तो अ‍ॅसायक्लोव्हिरच्या विषबाधेत नोंदवला गेलेला आहे. किडनी बिघडलेल्या रुग्णांत अ‍ॅसायक्लोव्हिरचा सीएमएमजी नावाचा उपपदार्थ मेंदूभोवतीच्या पाण्यात साचतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. रक्तातली अ‍ॅसायक्लोव्हिरची पातळी मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. आणि प्रीगाबालिन विसरून चालणार नव्हतं. तेही जसंच्या तसं किडनीतून जातं, साचलं की त्यानेही गुंगी येते आणि हात उडतात. युरिया 118 होता, तोही थोडा वाटेकरी.

डायलिसिसचं एक बरं होतं. अ‍ॅसायक्लोव्हिर रक्तातल्या प्रथिनांना फार चिकटत नाही, म्हणून चार तासांच्या हिमोडायलिसिसमध्ये शरीरातलं साधारण एक तृतीयांश औषध निघून जातं. प्रीगाबालिनही निघतं, युरिया आणि पोटॅशियमही उतरतं. निदान चुकलेलं असलं तरी किडनीसाठी डायलिसिस लागणारच होतं. प्रश्न होता तो एवढाच की अँटिव्हायरलचा पुढचा, पहाटे साडेतीनचा डोस द्यायचा का.

तो थांबवला. आठ तासांनी एक हे वेळापत्रक त्या किडनीला लागूच नव्हतं. मिनिटाला दहा मिलिलिटरच्या खालच्या किडनीला शिरेतला डोस निम्मा आणि चोवीस तासांतून एकदा, तोही डायलिसिसनंतर, असा असतो. साडेसातला गेलेला एक डोस या हिशोबाने एन्केफलायटिस असती तरी पुढच्या रात्रीपर्यंत पुरला असता. तेवढ्या वेळात पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदूभोवतीचंच पाणी कण्यातून काढून, तपासायचं आणि मग ठरवायचं. हे गणित मला त्या रात्री फार उपयोगी पडलं, कारण त्यामुळे "बंद" आणि "चालू" यांच्यामध्ये उभं राहायला जागा मिळाली.

मुलाला बाहेरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं, आम्ही संध्याकाळी दिलेल्या डोससह. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे गोळीनंच झालं?" मी म्हटलं, बहुतेक. गोळी चुकीची नव्हती, तुमच्या अम्माच्या किडनीला जास्त होती. "पण आम्ही लिव्हर बघितलं होतं की हो, सर." यावर माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं.

पुढचे दिवस

सीटी स्कॅनमध्ये वयाला साजेसे बदल, दुसरं काही नाही. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे लहान. आजार जुना होता, कुणी नाव दिलं नव्हतं एवढंच. पहिलं डायलिसिस मध्यरात्री, दुसरं शनिवारी दुपारी. शनिवारी सकाळी पाठीतलं पाणी काढलं: पेशी 3 म्हणजे सामान्य, साखर ठीक, प्रथिनं जरा वर. त्यात झोस्टरचा विषाणू आहे का ते शोधणारी पीसीआर तपासणी बाहेरगावच्या लॅबला पाठवली.

शनिवारी सकाळी हात उडणं कमी झालं होतं. दुपारच्या डायलिसिसनंतर बोटं थांबली. रविवारी पहाटे अम्मांनी नर्सला चहा मागितला आणि तो बिनसाखरेचा आला म्हणून मराठीत रागावल्या. दोन दिवसांनी पीसीआर निगेटिव्ह आला, तोवर आमचं मन तसंही बनलेलं होतं. नवे फोड येत नव्हते, होते ते सुकले होते, त्यामुळे अँटिव्हायरल पुन्हा सुरू केलं नाही. फोड येतच असते तर दिवसाला एकदाच्या कमी डोसात द्यावं लागलं असतं. आमच्यासारख्या प्रसंगानंतर "याला हे औषध कायमचं बंद" असं फाइलवर लिहून टाकण्याचा मोह होतो, तो टाळायला हवा. ही अ‍ॅलर्जी नाही, मापाची चूक आहे. उद्या अम्मांना पुन्हा हर्पिस झाला तर हेच औषध लागेल.

नवव्या दिवशी क्रिएटिनिन 1.6. घरी गेल्या. सहा आठवड्यांनी 1.4, आणि ज्या एसजीपीटीवर सगळ्यांची नजर होती ते 31.

बाकीची अँटिव्हायरल औषधं

लिव्हरची भीती उगाच आहे असं मात्र नाही. एचआयव्हीसाठी दिलं जाणारं नेव्हिरापिन पहिल्या काही आठवड्यांत लिव्हरला जीवघेणी इजा करू शकतं. रेमडेसिव्हिर देताना लिव्हरची एन्झाइम्स पाहावीच लागतात. हिपॅटायटिस बी च्या रुग्णाने एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर मनाने बंद केलं तर दबलेला विषाणू उसळून लिव्हर निकामी होऊ शकतं, म्हणजे तिथे धोका औषध थांबवण्यात आहे. हिपॅटायटिस सी च्या नव्या गोळ्या देण्याआधी बी ची तपासणी करतात, कारण सी हटला की झोपलेला बी जागा होतो.

पण यातल्याच अनेकांना किडनीचंही माप लागतं. त्या सूत्रातून येणारा किडनीचा आकडा 50 च्या खाली असेल तर एन्टेकाव्हिरचा डोस कमी करावा लागतो. टेनोफोव्हिरचं डायसोप्रॉक्सिल हे जुनं रूप किडनीच्या नळ्यांना इजा करू शकतं, फॉस्फेट आणि साखर लघवीतून वाहू लागते, अ‍ॅलाफेनामाइड या नव्या रूपात हा त्रास बराच कमी. स्वाइन फ्लूच्या साथीत घराघरांत पोहोचलेलं ओसेल्टामिव्हिरसुद्धा 60 च्या खाली कमी करायचं असतं. सरसकट "स्ट्राँग औषध, लिव्हर जपा" म्हणण्यापेक्षा हे औषध अंगातून कोणत्या वाटेने बाहेर पडतं, हा प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं.

पहिल्या डॉक्टरांशी मी फोनवर बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, नागिणीच्या रुग्णाला रिपोर्ट येईपर्यंत थांबवायचं का, 72 तास निघून जातील. प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ही दोघांनी मिळून असं ठरवलं: साठीच्या पुढचा, बीपी-शुगरचा किंवा कायम वेदनाशामक घेणारा रुग्ण असेल तर पहिली गोळी लगेच द्यायची, वजन करायचं, रक्त त्याच वेळी काढायचं, आणि पुढचा डोस रिपोर्ट आल्यावर ठरवायचा. सोलापुरात क्रिएटिनिनचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. दुखण्यासाठी नुसतं पॅरासिटामॉल. जेवण-पाणी सुटलं तर बीपीची ती गोळी थांबवून फोन करायचा, हे घरच्यांना लिहून द्यायचं. आणि बडबड, झटके, लघवी कमी यांतलं काहीही दिसलं तर पुढची गोळी न देता यायचं.

अम्मांची कूस अजून दुखते. नागीण गेल्यावर मागे राहणारी ती आग ऑगस्टपर्यंत टिकली आहे. त्यासाठी रात्री प्रीगाबालिन 25 मिलिग्रॅम देतो, त्याहून जास्त नाही. त्या पुन्हा सूप घेऊन बसल्यात. दिवसाला हजार व्हायच्या, आता पाचशे-सहाशे होतात. फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने वजन, क्रिएटिनिन आणि त्यांवरून त्या सूत्राने येणारा 27 हा आकडा लिहून दिला आहे, खाली "दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नको". सुनेने त्याची झेरॉक्स काढून एक कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दिली आणि एक देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली. मागच्या भेटीत तिने विचारलं, हा 27 वर जायला पाहिजे की खाली. वर गेला तर उत्तमच, म्हटलं, पण आहे तिथे टिकला तरी चालेल. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.